काटाच चुकला, तर कॅल्शियम ओतून काय होणार?

‘रक्तातलं कॅल्शियम कमी आलंय ना, मग कॅल्शियमच्या गोळ्या सुरू करा.’ हा सल्ला इतका सरळ वाटतो, की त्याबद्दल कुणी प्रश्न विचारत नाही. बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. पण एडीएच१ नावाचा एक दुर्मीळ आनुवंशिक आजार आहे. त्यात गोळ्यांनी हातापायांच्या मुंग्या थांबतात आणि त्याच गोळ्या वर्षानुवर्षं मूत्रपिंडं खराब करत राहतात. या आजारासाठी एन्कॅलेरेट हे नवं औषध शेवटच्या चाचण्यांपर्यंत पोचलं आहे. ते नेमकं काय करतं, ते समजलं की शरीर कॅल्शियमचा हिशेब कसा ठेवतं हेही समजतं, म्हणून हा लेख.

गळ्यात थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, त्या पॅराथायरॉइड. रक्तातलं कॅल्शियम जरा घसरलं की त्या पीटीएच हे संप्रेरक सोडतात. ते हाडांतून कॅल्शियम काढून आणतं, मूत्रपिंडाला लघवीतून जाणारं कॅल्शियम अडवायला लावतं आणि ‘ड’ जीवनसत्त्वाला कामाचं रूप देऊन आतड्यातलं शोषण वाढवतं. पण कॅल्शियम घसरलं, हे ग्रंथीला कळतं कसं? कॅल्शियम हा साधा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला कण आहे. बाहेरचा आयन मोजण्यासाठी पेशी खास ग्राही प्रथिन बाळगत असेल, हे बराच काळ अनेकांच्या पचनी पडत नव्हतं.

१९९३ साली एडवर्ड ब्राउन, स्टीव्हन हेबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा छडा लावला. त्यांनी गाईच्या पॅराथायरॉइड ग्रंथीतला आरएनए, म्हणजे प्रथिनं बनवण्याचा जनुकांचा संदेश, बेडकाच्या अंड्यांत टोचला. अंड्यानं तो संदेश वाचून त्यानुसार प्रथिनं बनवली. मग बाहेरचं कॅल्शियम वाढवल्यावर कोणत्या अंड्यात विद्युतप्रवाह उठतो, ते तपासत आणि संदेशांचे गट लहान लहान करत ते एका जनुकापर्यंत आले. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण बेडकाच्या अंड्याला या संवेदनेशी काही देणंघेणं नसतं. संदेश टोचल्यावर ते कॅल्शियम ‘ओळखू’ लागलं, म्हणजे ओळखण्याचं काम त्या एका प्रथिनाचंच.

हे प्रथिन जोडीनं काम करतं. जोडीतल्या प्रत्येकाचा बाहेरचा भाग माशी पकडणाऱ्या वनस्पतीच्या पानासारखा दोन पाकळ्यांचा असतो. कॅल्शियम बसलं की पाकळ्या मिटतात, ती हालचाल पेशीच्या आवरणातून सात वेळा आरपार गेलेल्या भागाकडे पोचते आणि आत पीटीएच थांबवण्याचा निरोप जातो. हा प्रतिसाद अतिशय तीव्र उताराचा आहे. कॅल्शियम किंचित घटलं तरी पीटीएच झपाट्यानं चढतं. म्हणूनच निरोगी माणसाचं कॅल्शियम दर डेसिलिटरला साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅमच्या अरुंद पट्ट्यात राहतं.

एडीएच१मध्ये या ग्राहीच्या जनुकात असा बदल असतो, की पाकळ्या लवकर मिटतात. वजनकाटा अर्धं पारडं भरल्यावरच ‘पूर्ण’ दाखवायला लागावा, तसं. ग्रंथीला वाटतं कॅल्शियम पुरेसं आहे, म्हणून ती पीटीएच सोडत नाही. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडली तरी आजार होतो आणि प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते.

कॅल्शियम कमी झालं की चेता उगाचच पेटतात, कारण चेतापेशीच्या बाहेरचे कॅल्शियम आयन सोडियमच्या दारांना सहजी उघडू देत नाहीत. ते घटले की हलक्याशा धक्क्यानंही दारं उघडतात. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच डॉक्टर त्रूसो यांच्या नावाची खूण एकदा पाहिली की विसरता येत नाही. दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून, वरच्या रक्तदाबापेक्षा थोडा जास्त दाब देऊन तीन मिनिटं थांबायचं. मनगट हळूहळू वाकतं, अंगठा तळहाताकडे वळतो, बोटं मुळाशी वाकतात पण पेरांत ताठ राहतात. रुग्णाला ठरवूनही हात सोडवता येत नाही. लहान मुलांना याच कारणानं आकडी येते आणि ती मिरगी समजली जाते, कुठे बाहेरची बाधा. रक्तातलं कॅल्शियम आणि पीटीएच तपासलं तर खरं कारण सापडतं, म्हणून अंगारेधुपाऱ्यांत घालवलेला प्रत्येक दिवस मला अक्षम्य वाटतो.

आता गोळ्यांचा पेच. हाच ग्राही मूत्रपिंडातही असतो. मूत्रपिंडं रोज सुमारे १० ग्रॅम कॅल्शियम गाळतात आणि त्यातलं ९८ टक्क्यांहून अधिक परत रक्तात घेतात. यातला काही भाग पेशींच्या मधल्या फटींतून परततो आणि या फटी उघड्या ठेवायच्या की बुजवायच्या, त्यावर ग्राहीचा ताबा असतो. एडीएच१मध्ये मूत्रपिंडही ‘पुरे झालं’ असंच समजतं आणि फटी बुजवतं. रक्तात कॅल्शियम आधीच कमी, तरी लघवीत सांडत राहतं. त्यात गोळ्या आणि कॅल्सिट्रिऑल, म्हणजे ‘ड’ जीवनसत्त्वाचं कामाचं रूप, दिलं की सांडणंही वाढतं. मग खडे होतात, मूत्रपिंडात कॅल्शियम साचतं, पुढे त्यांचं कामच मंदावतं. बाहेरून पीटीएचचं इंजेक्शन दिलं तर कॅल्शियम चढतं, पण मूत्रपिंडातला काटा चुकलेलाच राहतो.

एन्कॅलेरेट थेट ग्राहीवर काम करतं. ते कॅल्शियमच्या जागेवर बसत नाही. ते आवरणातल्या त्या सात वेढ्यांच्या भागात शिरतं आणि ग्राहीची संवेदनशीलता उतरवतं. ग्रंथी पुन्हा पीटीएच सोडते आणि मूत्रपिंडही कॅल्शियम राखू लागतं. हा रेणू मुळात जपान टोबॅको कंपनीनं हाडांच्या ठिसूळपणासाठी शोधला होता. तिथे पीटीएचचा छोटा झटका हवा होता, पण औषधानं ते बराच वेळ चढतं ठेवलं आणि हाडांना अपेक्षित फायदा झाला नाही. एडीएच१च्या रुग्णाला हेच रेंगाळणं हवं आहे.

१३ प्रौढ रुग्णांवरच्या अभ्यासात, जो २०२३ साली प्रसिद्ध झाला, २४ आठवड्यांत रक्तातलं सरासरी कॅल्शियम ७.१ वरून ९.२ मिलिग्रॅमवर आलं आणि लघवीतलं बरंच उतरलं, तेही गोळ्या बंद करून. ऑक्टोबर २०२५मध्ये, आता हे औषध विकसित करणाऱ्या ब्रिजबायो कंपनीनं चाचण्यांच्या तिसऱ्या टप्प्याचे आकडे जाहीर केले. औषध घेतलेल्यांपैकी ७६ टक्के रुग्णांचं रक्तातलं आणि लघवीतलं कॅल्शियम एकाच वेळी मर्यादेत होतं. जुन्या उपचारांवर असताना त्यांच्यात हे प्रमाण ४ टक्के होतं.

अशा बातम्यांवर ‘जनुकीय आजार कायमचा बरा’ असे मथळे चढतात. एन्कॅलेरेट जनुकाला हात लावत नाही. ते दिवसातून दोनदा तोंडानं घ्यायचं औषध आहे आणि थांबवलं की काटा पुन्हा जुन्या जागी जातो. आधीच साचलेलं कॅल्शियमही त्यानं एका झटक्यात निघून जाणार नाही. म्हणून घरात एकाला हे निदान झालं असेल, तर त्याच्या आईवडिलांची, भावंडांची आणि मुलांची तपासणी मूत्रपिंडं शाबूत आहेत तोवर करून घ्यायला हवी, लक्षणं नसली तरी.