ओकाव्हांगो त्रिभुज प्रदेश

आफ्रिका खंडाच्या दक्षिणेकडील बोट्स्वाना देशाच्या वायव्य भागात, कालाहारीच्या वाळूत पसरलेला विस्तीर्ण पाणथळ प्रदेश. वन्यजीव पाहण्यासाठी जगभरातून पर्यटक येथे येतात. ओकाव्हांगो नदी अंगोलातील उंच प्रदेशात उगम पावते, नामिबियाची चिंचोळी पट्टी ओलांडून मोहेंबोजवळ बोट्स्वानात शिरते आणि समुद्र न गाठता येथेच जिरते. दरवर्षी सुमारे ११ घन किमी. पाणी येते. त्यातील बहुतेक बाष्पीभवनाने आणि झाडाझुडपांवाटे हवेत जाते. माउन गावाजवळच्या थामालाकाने नदीपर्यंत अगदी किरकोळ वाटा पोहोचतो. २०१४ मध्ये हा प्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. यादीतले ते हजारावे स्थळ.

पुराचे वेळापत्रक येथे उलटे आहे. अंगोलात पाऊस पडतो नोव्हेंबर ते मार्चच्या सुमारास; पण उतार नावापुरता आणि वाटेत पपायरस या लव्हाळ्यासारख्या उंच पाणवनस्पतीची दाट बेटे, त्यामुळे पाणी रांगत रांगत पुढे सरकते. माउनच्या बाजूला पूर चढतो तो जून ते ऑगस्टमध्ये, म्हणजे ऐन कोरड्या मोसमात. पूर म्हणजे पावसाळा हे समीकरण डोक्यात पक्के असलेल्या मराठी माणसाला निरभ्र आकाशाखाली वाढणारे पाणी पाहून नवल वाटेल. आसपासचा मुलूख तहानलेला असताना पाणी फक्त इथे असते, म्हणून जनावरे इथे गोळा होतात. पर्यटनाचा मुख्य हंगामही तोच.

भूभाग इतका सपाट, की हातभर उंचीनेही पाणी कुठे जाणार हे ठरते. ती उंची पुष्कळदा वाळवी पुरवते. पाण्याच्या पातळीवर डोके काढलेल्या वारुळावर पक्षी बसतात, त्यांच्या विष्ठेतल्या बियांतून झाडे उगवतात, मुळांशी गाळ साठत जातो आणि बेट तयार होते. झाडे पाणी शोषतात, क्षार मात्र जमिनीत मागे राहतात. म्हणून जुन्या बेटांच्या कडेला हिरवीगार झाडी आणि मधोमध पांढरट, उजाड जमीन दिसते. पाणघोड्यांच्या रोजच्या ये-जा करण्याने गवतातून वाटा पडतात आणि त्यांतूनच पुढे पाण्याचे प्रवाह वळतात.

लाल लेच्वे हे पाणथळीतले हरणासारखे जनावर येथे कळपांनी दिसते. सिटाटुंगा हे पाणथळीतलेच दुसरे हरणासारखे जनावर मात्र लाजाळू. त्याचे लांब, फाकणारे खूर चिखलात रुतत नाहीत. हत्ती, रानम्हशी, मगरी, बिबटे भरपूर, आणि येथले सिंह पाण्यात उतरायला कचरत नाहीत. ठिपकेदार आफ्रिकी रानकुत्र्यांच्या टोळ्या हे खास आकर्षण. आपल्याकडच्या कोळसुंद्यासारखेच ते टोळीने शिकार करतात, पण जात वेगळी. पक्ष्यांत मत्स्य गरुड, पेल मासेमार घुबड आणि स्लेटी बगळा (स्लेटी इग्रेट) यांसाठी जाणकार मुद्दाम येतात. गेंडे येथून नाहीसे झाले होते. २००१ पासून ते पुन्हा आणून सोडण्यात आले, पण पुढे चोरट्या शिकारीने पुन्हा डोके वर काढले.

मोरेमी अभयारण्य १९६३ मध्ये स्थानिक बाटावाना समाजाने आपल्याच जमिनीवर स्थापन केले. सरकारने वरून लादलेला हा निर्णय नव्हता, ही त्याची खरी थोरवी. फिरण्याचे पारंपरिक साधन म्हणजे मोकोरो: एका झाडाच्या खोडातून कोरलेला अरुंद डोंगा. नावाडी मागच्या टोकाला उभा राहून लांब काठी तळाला रोवतो आणि डोंगा ढकलतो. प्रवासी जवळजवळ पाण्याच्या पातळीवर बसतात, त्यामुळे लव्हाळ्यावरचा अंगठ्याएवढा बेडूकही नजरेतून सुटत नाही. मोठी झाडे वाचावीत म्हणून आता बहुतेक डोंगे फायबरग्लासचे असतात.

या रानाला एके काळी त्सेत्से माशीने राखले. तिच्यामुळे गुरांना घातक रोग होई, म्हणून गुराखी आत शिरत नसत. २००१-०२ मध्ये विमानातून फवारणी करून माशीचा बंदोबस्त झाला. गुरे आणि रानम्हशी एकत्र येऊ नयेत यासाठी कुंपणे त्याआधीपासूनच आहेत, कारण लाळ्या-खुरकूत पसरला तर गोमांसाची निर्यात बंद पडते. अशाच एका कुंपणाने १९६८ पासून झेब्र्यांची माकगाडिकगाडीच्या क्षारयुक्त सपाट मैदानांकडची वाट अडवली होती. २००४ मध्ये ते काढल्यावर काही वर्षांतच झेब्रे पुन्हा त्या वाटेने जाऊ लागले, जरी तोवर ती वाट पाहिलेला एकही झेब्रा बहुधा उरला नसावा.

बोट्स्वानाचे धोरण थोडे पर्यटक आणि जास्त दर असे आहे. आतल्या बहुतेक तंबू-निवासांना लहान विमानाने जावे लागते आणि ते बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे आहेत. माउनहून गावकऱ्यांच्या संस्थांमार्फत मोकोरोची सफर किंवा मोरेमीत स्वतः गाडी नेऊन तंबूत मुक्काम हे त्यातले परवडणारे पर्याय.

पाण्याची किल्ली मात्र बोट्स्वानाच्या हाती नाही. तिन्ही देशांचा नदी आयोग १९९४ पासून आहे. तरी नामिबियात याच नदीच्या खोऱ्यात २०२१ मध्ये तेलाच्या शोधासाठी विहिरी खणायला सुरुवात झाली, आणि वारसा यादीतला भाग फक्त बोट्स्वानाच्या हद्दीतला आहे.