अपडेट येईना झालंय? आधी कोपऱ्यातली तारीख बघा

कॉम्प्युटरला अपडेट येईना झालं की आपल्याकडे निदान ठरलेलं असतंय, व्हायरस आलाय. मग बेळगावातलं शहापूर असो की टिळकवाडी, सीपीयू पिशवीत घालून गाडीवर पुढं ठेवायचा आणि दुकानात नेऊन फॉरमॅट मारून आणायचा, फोटो गेले तरी चालतील. फॉरमॅटनंतर अपडेट कधीकधी खरंच येतंय, त्यामुळं समज आणखी घट्ट होतो. पण दुकानवाला विंडोज टाकताना तारीख-वेळ पण नीट लावून देतो, आणि बऱ्याच जुन्या मशीनचं दुखणं तेवढंच असतंय. स्क्रीनच्या कोपऱ्यात १ जानेवारी २०१५ दिसतोय आणि आपण व्हायरस शोधतोय.

मशीन बंद, बोर्डावरचं बटण बंद, तरी आत एक घड्याळ चालूच राहतंय. मदरबोर्डवर एक चपटा गोल सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. आकडा उगाच नाही, व्यास २० मिलीमीटर आणि जाडी ३.२ मिलीमीटर. हा ३ व्होल्टचा सेल एका बारक्या क्वार्ट्झच्या क्रिस्टलला हलतं ठेवतो आणि तो क्रिस्टल सेकंदाला बरोबर ३२,७६८ वेळा थरथरतो. हाच आकडा का, तर २ चा १५ वा घात म्हणजे ३२,७६८. म्हणजे त्या थरथरीला पंधरा वेळा निम्मं करत गेलं की शेवटी सेकंदाला नेमका एक ठोका उरतो, आणि निम्मं करणं हे इलेक्ट्रॉनिक्समधलं सगळ्यात सोपं काम. मला तर हे दरवेळी भारी वाटतं. मनगटावरच्या क्वार्ट्झ घड्याळात पण हीच युक्ती.

सेलची ताकद साधारण २२० मिलीअॅम्पिअर-तास. घड्याळ हिशेबापुरतं ३ मायक्रोअॅम्पिअर खातं असं धरलं तर भागाकार येतो ७३ हजार तास, म्हणजे आठ वर्षांच्या वर. पण मशीनला मेन करंट चालू असला की घड्याळ त्याच्यावर चालतं आणि सेल वाचतो. आपण मात्र बोर्डावरचं बटण बंद करून ठेवतो, आणि पावसाळ्यात खानापूरच्या जंगलपट्ट्यात करंट गेला की कधी येईल ते आमच्याकडच्या वीज कंपनीला, हेस्कॉमलाच विचारा, म्हणजे तो सगळा वेळ बोजा सेलवर. सेल मेला की घड्याळ थांबतं आणि मशीन पुढच्या वेळी बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्राममध्ये, आधीच भरलेल्या कुठल्यातरी जुन्या तारखेला जागं होतं.

आता अपडेट का अडतं ते बघा. तुमचं मशीन अपडेटच्या सर्व्हरला आधी सर्टिफिकेट मागतं, तू खरा कोण ते दाखव म्हणून. त्या सर्टिफिकेटवर दोन तारखा असतात, इथपासून आणि इथपर्यंत, खानापूरहून बेळगावला कॉलेजला येणाऱ्या पोरांच्या बस पाससारख्या. कंडक्टरच जर २०१५ सालात बसला असेल तर आजचा खराखुरा पास पण तो नाकारणार, कारण त्याच्या लेखी तो अजून सुरूच झालेला नाही. विंडोजमध्ये अशा वेळी ८००७२एफ८एफ असला काहीतरी अगम्य एरर येतो. विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सवाल्या उबुंटूत अपडेटच्या यादीवर पण तारीख असते, आणि घड्याळ मागं असलं तर तो सरळ सांगतो की ही फाइल अजून लागू झालेली नाही, आणि किती वेळानं लागू होईल ते पण.

मग मशीननं इंटरनेटवरून वेळ घ्यावी की, असं कुणीही म्हणेल. घेतं पण. एनटीपी नावाची पद्धत १९८५ पासून आहे, डेव्हिड मिल्स यांची. पण साध्या एनटीपीत वेळ सांगणारा खरा की तोतया हे तपासलं जात नाही, आणि तोतयानं तुमचं घड्याळ मागं नेलं तर मुदत संपलेलं, चोरीला गेलेलं सर्टिफिकेट पण चालून जाईल. म्हणजे वेळ तपासायला सर्टिफिकेट हवं आणि सर्टिफिकेट तपासायला वेळ हवी. म्हणून घरच्या विंडोजच्या टाइम सर्व्हिसला ५४,००० सेकंदांची, म्हणजे १५ तासांची मर्यादा घातलेली असते, फरक त्याहून जास्त असला की ती हात आखडता घेते. तेव्हा आधी तारीख हातानं लावा, साल पण बघा, मग सेटिंगमधलं सिंक नाऊ दाबा. दुसऱ्या दिवशी परत मागं गेली तर सेल बदला. मशीन बंद करून, वायर काढून, सेलची अक्षरं असलेली बाजू वर ठेवून.

खंडेनवमीला सीपीयूला हार घालायला माझी ना नाही, पण कॅबिनेटला लिंबू-मिरची बांधून सेल चार्ज होत नाही. आणि लिंबापेक्षा वाईट म्हणजे ते फुकटातले 'ड्रायव्हर अपडेटर' आणि 'पीसी क्लीनर', पाचशे चुका सापडल्या म्हणून लाल अक्षरात ओरडणारे. असल्यांना घरात घेऊ नका.

तारीख बरोबर असून अपडेट येईना तर सी ड्राइव्ह भरलाय का बघा. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर असाल तर कनेक्शनला मीटर्ड, म्हणजे डेटा जपून वापरायचा, असं लावलंय का ते बघा, विंडोज त्यावर बहुतेक अपडेट उतरवतच नाही. उतरलेली फाइल अर्धवट बिघडली असेल तर विंडोज अपडेटची सर्व्हिस थांबवून विंडोज फोल्डरमधल्या सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्युशनमधला डाउनलोड रिकामा करायचा आणि मशीन रीस्टार्ट करायचं.

काहीजण म्हणतात अपडेटच नको, मशीन स्लो होतंय. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसनं जगभरची मशीन कुलूपबंद केली, त्या भोकाचं ठिगळ मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलं होतं.

आणि कधीकधी बिघाड काहीच नसतो, मुदतच संपलेली असते. विंडोज ७ चं अपडेट जानेवारी २०२० ला संपलं, विंडोज १० चं १४ ऑक्टोबर २०२५ ला, ईएसयू या मुदतीनंतरच्या सुरक्षा अपडेटच्या योजनेत नाव नोंदवलं तर घरच्यांना आणखी वर्षभर मिळतंय. विंडोज ११ ला टीपीएम २.० हा सुरक्षेचा भाग लागतो, तो जुन्या मशीनवर बहुतेक नसतोच. उबुंटूची एलटीएस, म्हणजे लांब मुदतीची आवृत्ती पाच वर्षं चालते, मधल्या आवृत्त्या फक्त नऊ महिने, त्यानंतर त्यांच्या फाइली जुन्या सर्व्हरवर हलवतात आणि तुमचं मशीन रिकाम्या पत्त्यावर हाका मारत बसतं.