रिपोर्टला वेळ का लागतो? ‘टर्नअराउंड टाइम’ या शब्दामागचा इतिहास

‘रिपोर्ट कधी मिळेल?’ या प्रश्नाला लॅब जे उत्तर देते आणि रुग्णाला प्रत्यक्षात जितके थांबावे लागते, त्यात बहुतेक वेळा फरक पडतो. लॅब खोटे बोलत नसते. तिचे घड्याळ वेगळ्या क्षणी सुरू होते, एवढेच. हा फरक कसा आला हे पाहायचे तर यंत्रांच्या वेगाइतकेच एका शब्दाकडे लक्ष द्यावे लागते. तो शब्द म्हणजे ‘टर्नअराउंड टाइम’, ढोबळमानाने चाचणीचे उत्तर मिळायला लागणारा एकूण वेळ, लॅबमधल्या बोलण्यात ‘टीएटी’.

एकोणिसाव्या शतकात बराच काळ हा प्रश्न फारसा नव्हता. लघवी किंवा थुंकी तपासायची तर डॉक्टर वॉर्डाला लागून असलेल्या खोलीत स्वतःच तपासत. वाट पाहणे खऱ्या अर्थाने सुरू झाले ते जंतू वाढवून पाहण्याची आणि ऊतींचे पातळ काप काढण्याची पद्धत रूढ झाल्यावर. क्षयाचा जंतू १८८२ मध्ये ओळखला गेला आणि त्याच्याबरोबर वैद्यकाला एक हट्टी घड्याळही मिळाले. आतड्यातला साधा ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतो, तर क्षयाच्या जंतूला त्यासाठी १५ ते २० तास लागतात. एकाचे दहा लाख व्हायला साधारण २० वेळा दुप्पट व्हावे लागते. म्हणजे पहिल्याला सात तासांपेक्षा कमी वेळ पुरतो आणि दुसऱ्याला साडेबारा ते जवळजवळ १७ दिवस लागतात. घन माध्यमावरचे क्षयाचे कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, ‘निगेटिव्ह’ म्हणायला आठ आठवडे थांबतात, द्रव माध्यमात सहा आठवडे. यात कोणाचा आळस नाही. जंतू वाढलाच नाही असे म्हणण्यासाठी त्याला वाढायला पुरेसा अवधी दिलेला असावा लागतो.

बायोप्सीचे, म्हणजे शरीरातून काढलेला ऊतीचा तुकडा तपासण्याचेही तसेच. १८९३ मध्ये ऊती टिकवण्यासाठी फॉर्मालिन या द्रवाचा वापर सुरू झाला आणि तो आजही चालू आहे. ते ऊतीत तासाला साधारण एक मिलिमीटर या गतीने शिरते, आणि शिरल्यावर पेशींतली प्रथिने घट्ट बांधायला त्याला आणखी वेळ लागतो. मग रात्रभर चालणाऱ्या यंत्रात ऊतीतले पाणी काढून त्या जागी मेण भरायचे, मेणाच्या ठोकळ्याचे तीन ते पाच मायक्रॉनचे काप काढायचे, ते रंगवायचे, आणि त्यानंतर पॅथॉलॉजिस्टने ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. हाड असेल तर त्यातले कॅल्शियम विरघळवण्यातच काही दिवस जातात. कर्करोगाचा नेमका प्रकार ठरवण्यासाठी विशेष रंजन लागले तर आणखी एक-दोन दिवस. शस्त्रक्रिया चालू असताना वीसेक मिनिटांत उत्तर देणारी फ्रोझन सेक्शनची पद्धत १९०५ पासून वापरात आहे. पण गोठवलेल्या कापात पेशींचे तपशील तितके नीट टिकत नाहीत, म्हणून त्या घाईच्या उत्तरानंतरही मेणातला काप पाहावाच लागतो.

हे थांबणे मात्र कायमचे कपाळी लिहिलेले नसते. गरोदरपणाच्या चाचणीचा प्रवास त्याचा चांगला दाखला आहे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्यासाठी स्त्रीची लघवी पिल्लावस्थेतल्या उंदरिणींना टोचून सुमारे चार दिवस थांबावे लागे. पुढच्या दशकात बेडकांवरच्या चाचणीने तो वेळ एका दिवसाच्या आत आणला. १९६० मध्ये प्रतिपिंडांवर आधारलेली पद्धत आली तेव्हा प्राणी बाजूला झाले आणि उत्तर दोन तासांत मिळू लागले. १९८० च्या दशकाच्या शेवटी पट्टी आली, तिने काही मिनिटांत उत्तर दिले. जुनी पद्धत घाईने उरकून हा वेग आला नाही. प्रत्येक टप्प्यावर प्रश्न विचारण्याची रीतच बदलली. क्षयाच्या बाबतीत जंतू वाढवण्याऐवजी त्याचा डीएनए शोधणारी कार्ट्रिजची चाचणी आली. तिला डिसेंबर २०१० मध्ये जागतिक पातळीवर मान्यता मिळाली आणि आठवड्यांचे काम दोन तासांवर आले. तरीही जंतू कोणकोणत्या औषधांना दाद देत नाही, याचे संपूर्ण चित्र हवे असेल तर अनेकदा कल्चरकडेच वळावे लागते.

रक्ताच्या रोजच्या तपासण्यांची गोष्ट वेगळी आहे आणि माझ्या मते खरा गुंता तिथेच आहे. १९५३ मध्ये पेशी मोजणाऱ्या यंत्रामागच्या तत्त्वाचे पेटंट मिळाले. १९५७ मध्ये एकामागून एक नमुने नळीतून वाहत नेणारा, दोन नमुन्यांमध्ये हवेचे बुडबुडे सोडून त्यांना वेगळे ठेवणारा पहिला स्वयंचलित अॅनालायझर बाजारात आला. हाताने दिवसभर चालणारे काम तासांत होऊ लागले. पण महागडे यंत्र थोड्या नमुन्यांसाठी परवडत नाही. म्हणून नमुने एका जागी गोळा होऊ लागले, लॅब मोठ्या झाल्या आणि रुग्णापासून लांब गेल्या. यंत्राने वाचवलेल्या वेळेतला मोठा वाटा नेण्या-आणण्यात आणि रांगेत खर्च होऊ लागला. आज पोटॅशियम मोजायला यंत्राला फार तर काही मिनिटे लागतात. रिपोर्ट मात्र तासाभराने येतो.

त्या तासात काय काय होते? सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव, हवे असेल तर रक्त गोठायला सुमारे अर्धा तास द्यावा लागतो, त्यानंतर नळी वेगाने फिरवून पेशी वेगळ्या करणाऱ्या सेंट्रिफ्यूजमध्ये दहाएक मिनिटे. गोठण्याचा वेळ टाळायचा तर रक्त गोठू न देणारे हेपारिन असलेली नळी वापरतात. नमुना हवेच्या दाबाच्या नळीतून वेगाने पाठवला आणि त्यात पेशी फुटल्या, तर पोटॅशियम खोटे वाढलेले दिसते आणि नमुना पुन्हा घ्यावा लागतो. वाचवलेली पाच मिनिटे मग दुपटी-तिपटीने परत द्यावी लागतात. उलट नमुना नुसता पडून राहिला तरी तो बदलतोच. साखर टिकवणारे फ्लोराइड नसलेल्या नळीत, पेशी वेगळ्या न केलेल्या रक्तातली साखर तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी उतरते. उशीर म्हणजे नुसती गैरसोय नाही, तो उत्तरच बदलून टाकतो.

या पार्श्वभूमीवर १९८१ मध्ये एका अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने मांडलेली साखळी महत्त्वाची ठरते. चाचणी सांगणे, नमुना घेणे, त्याची ओळख लावणे, तो नेणे, तयार करणे, मोजणे, कळवणे, अर्थ लावणे आणि त्यावर कृती करणे, अशा नऊ कड्या. साखळी डॉक्टरच्या डोक्यात सुरू होते आणि तिथेच परत येऊन संपते. मोजणे ही त्यातली एकच कडी, आणि यंत्रे वेगवान झाली ती त्या एका कडीपुरती.

पुढच्या वर्षांत लॅबच्या गुणवत्तेचे निकष लिहिले जाऊ लागले, तेव्हा कोणत्या कडीपासून कोणत्या कडीपर्यंतचा वेळ ‘टर्नअराउंड टाइम’ म्हणायचा, हा प्रश्न पुढे आला. बहुसंख्य लॅबनी तो ‘नमुना लॅबमध्ये पोचल्यापासून रिपोर्ट प्रमाणित होईपर्यंत’ असा धरला. त्यांचा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. वॉर्डात रक्त काढायला उशीर झाला, नमुना नेणारा माणूस दुसरीकडे अडकला, तर त्याचा जाब लॅबने का द्यावा? डॉक्टर मात्र चाचणी लिहिल्यापासून वेळ मोजतात आणि रुग्ण सुई टोचल्यापासून. तीनही घड्याळे बरोबर आहेत, तरी छापून येतो तो आकडा पहिल्या घड्याळाचा. लॅबच्या दारावर नमुना स्कॅन होतो, तिथे वेळेची पक्की नोंद होते. नमुना नेमका कधी घेतला याची नोंद मात्र कच्ची राहते. लेबल आधी छापून ठेवलेले असते, किंवा ‘नमुना घेतला’ हे बटण सगळी फेरी संपल्यावर एकदम दाबले जाते. जे नीट मोजता येते तेच मोजले गेले, आणि हळूहळू तेवढ्यालाच ‘वेळ’ म्हणायची सवय लागली. ही निवड सोयीची होती हे मान्य, पण ती रुग्णाच्या बाजूने झाली नाही.

आकडा कसा सांगायचा यातही तीच गफलत. समजा दहा नमुने आहेत. नऊ ४० मिनिटांत झाले, एक हरवून पुन्हा सापडला म्हणून त्याला सहा तास लागले. सरासरी ७२ मिनिटे निघते, मध्यक (चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) ४० मिनिटे. ‘९० टक्के नमुने ४० मिनिटांत’ हेही खरे. तक्रार घेऊन येतो तो दहावा माणूस, आणि या तीन आकड्यांपैकी एकातही त्याचे सहा तास दिसत नाहीत. म्हणून वेळेबाहेर गेलेले नमुने वेगळे मोजावेत, हा आग्रह मला सर्वांत रास्त वाटतो.

‘अर्जंट’ या शब्दाची अशीच झीज झाली. साधी रांग लांबली की डॉक्टर अर्जंट लिहितात, आणि पुष्कळांनी अर्जंट लिहिले की अर्जंटचीच रांग लागते. त्यावर दोन वेगळे उपाय निघाले. एकात सगळेच नमुने अर्जंट असल्यासारखे हाताळायचे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमधल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाने नमुने सरकत्या पट्ट्यावरून थेट यंत्रांपर्यंत नेण्याची व्यवस्था उभारली आणि पुढे ती जगभर पसरली. दुसऱ्यात लॅबच रुग्णाच्या खाटेपाशी न्यायची. साखरेची पट्टी १९६० च्या दशकातच आली होती, नंतर रक्तातले वायू, हृदयाच्या स्नायूची इजा दाखवणारे ट्रोपोनिन अशा चाचण्याही तिथे पोचल्या. खाटेपाशी वेळ वाचतो, पण यंत्राची रोजची पडताळणी कोण करणार हा प्रश्न उरतो. लॅबमध्ये ती शिस्त जुनी आहे. नियंत्रण नमुन्यांचे, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेल्या नमुन्यांचे आलेख १९५० पासून, आणि ते वाचण्याचे ठरीव नियम १९८१ पासून. हल्ली ठरलेल्या मर्यादेत बसणारे निकाल संगणकच पुढे पाठवतो, त्यामुळे माणसाचे डोळे संशयास्पद निकालांसाठी मोकळे राहतात.

एक उशीर मात्र ना जंतूंचा असतो ना वाहतुकीचा. क्वचित सांगितल्या जाणाऱ्या चाचण्या आठवड्यातून एकदा किंवा दोनदाच लावतात. प्रत्येक वेळी यंत्राचे मापन जुळवून घ्यायला आणि नियंत्रण नमुने लावायला रसायन लागते, दोन नमुन्यांसाठी तेवढा खर्च करणे जड जाते. म्हणून बॅच भरेपर्यंत नमुना थंडीत थांबतो. मंगळवारी बॅच लागत असेल आणि नमुना बुधवारी आला, तर सहा दिवस तिथेच गेले. हा हिशेबाचा निर्णय आहे आणि तो चुकीचा असतोच असे नाही. पण ‘ही चाचणी फार अवघड असते’ असे कारण देण्याऐवजी बॅचचा दिवस सांगितला, तर नमुना कधी द्यायचा हे माणूस स्वतः ठरवू शकतो.

२०२० मध्ये कोविडच्या साथीत हे सगळे लोकांसमोर उघडे पडले. आरटी-पीसीआरचे प्रत्यक्ष काम काही तासांचे, पण रिपोर्ट यायला दिवस लागत. स्वॅबची वाहतूक, नोंदणी, चाचणीच्या रसायनांचा तुटवडा आणि रांग, साखळीतल्या सगळ्या कड्या एकदम ताणल्या गेल्या. १५ ते ३० मिनिटांत उत्तर देणारी अँटिजेन चाचणी कमी संवेदनशील, म्हणजे काही संसर्ग तिच्याकडून सुटत, आणि तिच्यावरून मोठा वाद झाला. संसर्ग पसरवण्याचे दिवस उलटून गेल्यावर हाती येणाऱ्या अचूक उत्तराचा साथ रोखायला फारसा उपयोग नाही, हा तिच्या बाजूचा मुद्दा होता. चाचणीच्या गुणवत्तेत अचूकतेच्या बरोबरीने वेळही धरावी, हे तेव्हा प्रथमच इतक्या उघडपणे बोलले गेले.

त्यानंतर वाद घड्याळाच्या दुसऱ्या टोकाकडे सरकला आहे. अमेरिकेत एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनी निकाल तयार झाला की तो विनाविलंब रुग्णाला पाहता यावा असे बंधन आणले. पूर्वी डॉक्टरने आधी पाहून मग सांगण्याची रीत होती. आता शेवटच्या दोन कड्या, अर्थ लावणे आणि कृती करणे, कधी कधी रुग्ण एकटाच पार करू पाहतो. शुक्रवारी रात्री बायोप्सीचा रिपोर्ट फोनवर येतो, डॉक्टरची भेट सोमवारी असते, आणि लॅबच्या नोंदीत टर्नअराउंड टाइम शुक्रवारी रात्रीच संपलेला असतो.