एच-वन-बीची लॉटरी मुळात आली कुठून?

सध्या 1,00,000 डॉलर फी आणि पगार बघून निवड या नव्या नियमांवरून जो गोंधळ चाललाय तो समजायचा तर थोडं मागे जायला लागेल. एच-वन-बी म्हणजे अमेरिकेतली कंपनी बाहेरच्या कुशल माणसाला नोकरीसाठी आणायला अर्ज करते तो व्हिसा. तो 1990 च्या कायद्याने आला, वर्षाला 65,000 चा कोटा तेव्हाचाच. डॉटकॉमच्या काळात तो आधी 1,15,000 आणि मग 1,95,000 केला, 2004 मध्ये परत खाली आणला, पुढे अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी 20,000 जास्तीचे दिले. तेव्हापासून आकडा हललेला नाही.

पण खरी भानगड लॉटरीची आहे. कायद्यात लॉटरी कुठेच नाही, अर्ज ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने व्हिसा द्या एवढंच आहे. कोटा महिनोन्महिने पुरायचा तोवर काही अडलं नाही, पण एप्रिल 2007 मध्ये पहिल्या दोनच दिवसांत 1,20,000 च्या वर अर्ज आले, आता एकाच दिवशी आलेल्या गठ्ठ्यात आधी कोण आणि नंतर कोण हे ठरवणार कसं, म्हणून कॉम्प्युटरने लॉटरीसारखे नंबर काढले. त्यावर कोर्टात केस झाली, 2017 मध्ये कोर्टाने लॉटरी चालेल म्हणून सांगितलं. माझ्या मते गाडी तिथेच चुकली, कारण मग माणसाला काम काय येतं, पगार किती, याला अर्थच उरला नाही. 2020 मध्ये, तेव्हाच्या 10 डॉलर फीमध्ये, ऑनलाइन रजिस्ट्रेशन सुरू झालं आणि एकाच माणसासाठी तीन-तीन, चार-चार कंपन्या नाव टाकायला लागल्या. 2023 मध्ये 7,80,000 रजिस्ट्रेशन्स, त्यातली निम्म्याहून जास्त अशीच! 2024 मध्ये माणशी एकच चान्स केला तर आकडा एकदम 4,70,000 वर आला.

पगार बघून निवडायचा नियम आधीही केला होता, तो 2021 मध्ये कोर्टात पडला, तेही तो काढणाऱ्या अधिकाऱ्याची नेमणूकच नीट नव्हती म्हणून, मूळ प्रश्न तसाच राहिला. मग सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेबाहेरच्या माणसासाठी नवीन अर्ज करायचा तर 1,00,000 डॉलर फी, आणि डिसेंबरमध्ये पगाराच्या लेव्हलप्रमाणे (एक सगळ्यात खालची, चार सगळ्यात वरची) चान्स, म्हणजे लेव्हल चारला चार चिठ्ठ्या, लेव्हल एकला एक. ऐकायला बरोबर वाटतं, पण लेव्हल ठरते ती त्या कामाच्या आणि त्या भागाच्या पगारावरून, त्यामुळे कमी पगाराच्या क्षेत्रातला लेव्हल चारवाला जास्त डॉलर कमावणाऱ्या लेव्हल दोनच्या इंजिनिअरच्या पुढे जाऊ शकतो. आणि कर्ज काढून मास्टर्सला गेलेली आपली पोरं पहिल्या नोकरीत बहुतेक लेव्हल एक नाहीतर दोनलाच असतात, हा फटका मुख्यतः त्यांनाच बसणार.