भाविकांची यादी आणि निवडणुकीचा हिशोब

2000 सालची अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी फ्लोरिडातल्या अवघ्या 537 मतांच्या आघाडीवर जिंकली. देशभरातली मतं मोजली तर त्यांचे प्रतिस्पर्धी अल गोर पाच लाखांहून जास्त मतांनी पुढे होते, पण तिथं निकाल राज्यवार ठरतो. बुश यांचे रणनीतीकार कार्ल रोव्ह यांना मात्र वेगळाच आकडा खटकत होता. 2001 च्या डिसेंबरमध्ये वॉशिंग्टनमधल्या एका कार्यक्रमात त्यांनी तो बोलून दाखवला. त्यांच्या अंदाजाप्रमाणे इव्हँजेलिकल (बायबललाच अंतिम प्रमाण मानणारे प्रोटेस्टंट ख्रिस्ती) आणि त्यांच्या जवळच्या पंथांचे 1 कोटी 90 लाख गोरे मतदार केंद्रांवर यायला हवे होते. आले दीड कोटी. म्हणजे 40 लाख भाविक घरीच बसले.

ही माणसं मनानं आधीच बुश यांच्या बाजूची होती. त्यांना काही पटवून द्यायचं नव्हतं, फक्त घराबाहेर काढायचं होतं. आणि माणूस घराबाहेर कशानं पडतो, यावर त्याच सुमारास राज्यशास्त्रात अस्सल प्रयोग सुरू झाले होते.

येल विद्यापीठाच्या ॲलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांनी 1998 मध्ये न्यू हेवन शहरातल्या मतदारांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडले. काहींना पत्रं पाठवली, काहींना फोन केले, काहींच्या दारात कार्यकर्ते गेले. ज्यांच्याशी दारात प्रत्यक्ष बोलणं झालं, त्यांच्यातली मतदानाची टक्केवारी आठ-नऊ अंकांनी वाढली. पत्रांचा परिणाम किरकोळ होता, फोनचा जवळपास शून्य. पुढे 2006 मध्ये मिशिगनमधल्या 1 लाख 80 हजार कुटुंबांवर त्यांनी क्रिस्तोफर लॅरिमर यांच्यासह आणखी धीट प्रयोग केला. एका गटाला आलेल्या पत्रात तुमचं आणि शेजाऱ्यांचं नाव छापलेलं, आणि गेल्या निवडणुकांत कोणी मतदान केलं ते नावापुढे लिहिलेलं. या निवडणुकीनंतर सुधारित तक्ता पाठवू, अशी सूचनाही होती. ज्यांना काहीच पाठवलं नव्हतं त्यांच्यात मतदान 29.7 टक्के झालं, या गटात 37.8 टक्के. ओळखीची माणसं आपल्याकडे पाहताहेत, एवढी जाणीव पुरली.

चर्चमध्ये ही जाणीव मुद्दाम तयार करावी लागत नाही. दर रविवारी तीच माणसं भेटतात, कोण आलं नाही हे सगळ्यांना कळतं, आजारपणात हीच मंडळी घरी जेवण पोचवतात. राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पटनम आणि डेव्हिड कॅम्पबेल यांच्या अभ्यासात एक गोष्ट ठळकपणे पुढे आली: भाविक माणसं समाजकार्यात जास्त दिसतात, पण त्याचा संबंध त्यांच्या धर्मसिद्धांतांशी कमी आणि चर्चमधल्या मैत्रीशी जास्त असतो. निवडणूक लढवणाऱ्याला हवं असतं ते हेच मैत्रीचं जाळं.

2004 मध्ये बुश यांच्या प्रचारयंत्रणेनं धार्मिक स्वयंसेवकांना एक कागद पाठवला. त्यात 22 कामं होती, तारखांसकट. 31 जुलैपर्यंत आपल्या चर्चच्या सभासदांची नाव-पत्त्यांची यादी राज्याच्या प्रचार कार्यालयात पोचवा, हे त्यातलंच एक. ही यादी चर्च कशासाठी ठेवतं, याचा विचार केला की यातलं वाईट कळतं. कोणाला निरोप द्यायचा, कोणाच्या घरी विचारपूस करायची, यासाठी लोकांनी विश्वासानं दिलेले पत्ते असतात ते. सदर्न बॅप्टिस्ट पंथाचे रिचर्ड लँड हे काही बुशविरोधक नव्हते. तरी त्यांनी या प्रकाराचा जाहीर निषेध केला.

अमेरिकेत 1954 पासून करसवलत घेणाऱ्या धर्मसंस्थांना उमेदवाराचा प्रचार करायला मनाई आहे. पण मनाई संस्थेला आहे, सभासदाला नाही. म्हणून कागद पाद्रींना न जाता स्वयंसेवकांना गेला. आपल्याकडे कायदा उमेदवाराला धरतो. धर्माच्या नावानं मतं मागितल्याबद्दल विलेपार्ल्याची 1987 ची पोटनिवडणूक उच्च न्यायालयानं रद्द ठरवली आणि 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केलं. यादी मागणारा गुपचूप हात मात्र कोणत्याच कायद्याच्या सहज तावडीत येत नाही.

जाळं हाताशी आलं तरी त्यातून कोणता विषय फिरवायचा, हेही ठरवावं लागतं. मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयानं 2003 च्या नोव्हेंबरमध्ये समलिंगी विवाहाचा हक्क मान्य केला होता. फेब्रुवारी 2004 मध्ये बुश यांनी तो देशभर रोखणाऱ्या घटनादुरुस्तीला पाठिंबा दिला, आणि नोव्हेंबरमध्ये अध्यक्षपदाच्या मतदानाबरोबरच 11 राज्यांत त्या विवाहांवर बंदी घालणारी सार्वमतं झाली. अकराच्या अकरा मंजूर झाली. गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी 78 टक्क्यांनी बुश यांना मत दिलं. निर्णायक ठरलेलं ओहायो त्यांनी सुमारे 1 लाख 18 हजार मतांनी जिंकलं. सार्वमतामुळेच ते जिंकले का, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. मला स्वतःला सार्वमतापेक्षा याद्या आणि दारातल्या भेटी अधिक परिणामकारक वाटतात.

पण असा विषय निवडण्यामागे मानसशास्त्र आहे. जेरेमी गिंजेस, स्कॉट ॲट्रन आणि सहकारी संशोधकांनी इस्रायलच्या ताब्यातल्या वेस्ट बँकमधल्या ज्यू वसाहतकऱ्यांसमोर आणि पॅलेस्टिनी लोकांसमोर तडजोडीचे काल्पनिक प्रस्ताव ठेवले. जमीन किंवा आपल्या मूळ गावी परतण्याचा हक्क ज्यांना पवित्र वाटत होता, त्यांना सोबत पैसे देऊ केले तर ते नरमण्याऐवजी अधिक संतापले. पवित्र मानलेल्या गोष्टीचा सौदा होत नाही. म्हणून एखादा मुद्दा त्या कप्प्यात नेऊन ठेवला की वेतन, दवाखाना, शाळा यांवरचं उमेदवाराचं काम तपासायला मतदार थांबत नाही. आणि कोणता मुद्दा त्या कप्प्यात जाईल हे धर्मग्रंथच ठरवतो असंही नाही. 1971 मध्ये याच सदर्न बॅप्टिस्टांनी काही परिस्थितींत गर्भपाताला कायद्यानं मुभा असावी असा ठराव केला होता. दहा वर्षं उलटायच्या आत गर्भपातविरोध ही अशा भाविकांच्या राजकारणाची ओळख झाली.

निवडणूक झाली. 2005 च्या जानेवारीत बुश यांनी मुलाखतीत सांगितलं की विवाहाच्या घटनादुरुस्तीसाठी सिनेटवर जोर लावण्यात अर्थ नाही, तेवढी मतंच नाहीत. त्यांचा भर होता सामाजिक सुरक्षा निवृत्तिवेतनाच्या फेररचनेवर. ज्यांनी आपल्या चर्चची यादी नेऊन दिली होती, त्यांना हे ऐकून काय वाटलं असेल?

या सगळ्याची किंमत धर्मानंच मोजली, असं माझं मत आहे. 2011 च्या एका पाहणीत गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी फक्त 30 टक्के म्हणाले होते की खासगी आयुष्यात अनैतिक वागणारा माणूस सार्वजनिक पदावर नीट काम करू शकतो. 2016 मध्ये, बुश यांच्याच पक्षाचे डोनाल्ड ट्रम्प उमेदवार असताना, असं म्हणणारे 72 टक्के झाले. पक्षासाठी नीतीचं मोजमापच बदललं.

दुसरीकडे, समाजशास्त्रज्ञ मायकेल हाउट आणि क्लॉड फिशर यांनी 2002 मध्येच दाखवलं होतं की नव्वदच्या दशकात ‘माझा कोणताही धर्म नाही’ म्हणणारे अमेरिकन 7 टक्क्यांवरून 14 टक्क्यांवर गेले. त्यातल्या बहुतेकांचा देवावरचा विश्वास उडाला नव्हता, त्यांना धर्माच्या नावानं चाललेल्या राजकारणाशी नातं नको होतं. आज हे प्रमाण 29 टक्क्यांच्या आसपास आहे. डेव्हिड कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी हेच प्रयोगातून तपासलं. काही लोकांना उमेदवार आणि धर्म यांची सरमिसळ असलेली बातमी वाचायला दिली, इतरांना साधी. सरमिसळीची बातमी वाचलेल्या डेमोक्रॅट (बुश-ट्रम्प यांच्या विरोधी पक्षाच्या) मतदारांमध्ये स्वतःला कोणत्याही धर्माचं न म्हणवणाऱ्यांचं प्रमाण वाढलेलं आढळलं, तेही एकाच वाचनानंतर.