अठरा दिवसांनी पौर्णिमा

मराठी विज्ञानकथेतला परका ग्रह बहुतेक वेळा दोन चंद्र आणि जांभळ्या आकाशावर भागवतो. खरं तर त्याहून अजब माल फुकट पडून आहे. नासाच्या बाह्यग्रह संग्रहात, म्हणजे इतर ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांच्या यादीत, सहा हजारांवर ग्रहांचे आकडे आहेत आणि युरोपच्या गाया यानाच्या २०२२ च्या यादीत सुमारे १८० कोटी तारे.

ग्रहांच्या यादीतली एकच ओळ घेऊ: ट्रॅपिस्ट-१ ई. कुंभ राशीत, सुमारे ४० प्रकाशवर्षांवर, एका बारक्या लाल ताऱ्याच्या सात ग्रहांपैकी हा चौथा. त्रिज्या पृथ्वीच्या ०.९२ पट, वस्तुमान ०.६९ पट, वर्ष ६.१ दिवसांचं. वस्तुमानाला त्रिज्येच्या वर्गाने भागा, गुरुत्व निघतं पृथ्वीच्या ८२ टक्के. नागपूरचा साठ किलोंचा माणूस तिथे स्प्रिंगच्या काट्यावर ४९ भरेल, आणि तिशी गाठेपर्यंत तिथली जवळपास अठराशे वर्षं उलटलेली असतील. वाढदिवसाचा केक परवडायचा नाही.

इतका जवळचा ग्रह ताऱ्याकडे कायम एकच बाजू ठेवत असावा, असं मानलं जातं. म्हणजे उगवणं-मावळणं नाही. आपल्या नागपुरात सूर्य बरोबर माथ्यावर वर्षातून दोनदाच येतो, मेअखेर आणि जुलैच्या मध्यात. त्यातली मेची शून्य सावली ऐन नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत. तिकडे एका जागी सावली कधी पडणारच नाही. तरी विदर्भाचं ऊन काही मिळायचं नाही. तारा सूर्याच्या चौपट रुंद दिसेल, पण ऊर्जा आपल्या दोन तृतीयांशच, आणि तीही बहुतेक अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी. अंगाला ऊब लागेल, उजेड मात्र भरदुपारी दिवेलागणीचा.

मग कालगणना कशावर करायची? दिवस नाही, ऋतू नाहीत, चंद्र सापडलेला नाही. इथे मला शेजारचे ग्रह फार आवडतात. बाहेरचा ‘एफ’ ९.२ दिवसांत एक फेरी मारतो. ‘ई’च्या तीन फेऱ्या होतात तेव्हा त्याच्या दोन, म्हणून दोघे दर अठरा दिवसांनी जवळ येतात. तेव्हा ‘एफ’ साधारण आपल्या चंद्राएवढा दिसेल, आणि पूर्ण उजळलेला, कारण तारा विरुद्ध दिशेला असेल. नंतर तो लहान होत होत सातव्या हिश्श्यावर येतो. आतला ‘डी’ दर बारा दिवसांनी ताऱ्यासमोरून जाईल, ताऱ्याच्या पाव रुंदीचा काळा ठिपका होऊन. गंमत म्हणजे पौर्णिमा फक्त अंधाऱ्या अर्ध्या गोलातल्या लोकांना आणि ग्रहण फक्त उजेडातल्यांना. एकाच ग्रहावर दोन पंचांगं, आणि खरं कोणतं यावर भांडण! कथानकाला आणखी काय हवं?

आकाशही हवं तर गणित शाळेतलंच आहे. प्रत्येक ताऱ्याची दिशा आणि अंतर यांवरून तीन सहनिर्देशक काढा, त्यातून ट्रॅपिस्टचे वजा करा. एक्सेलमध्ये होतं. आपला सूर्य तिथून सिंह राशीत दिसेल, ५.३ प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद), म्हणजे नुसत्या डोळ्यांना जेमतेम. नागपूरच्या दिव्यांत तर तो शोधूही नका. सिंहही आक्रसलेला असेल: उत्तरा फाल्गुनी आपल्यापासून ३६ प्रकाशवर्षांवर, पण तिथून त्याच्या दुपटीवर, म्हणून बरीच मंद. असं आकाश गांधीसागरजवळच्या रमण विज्ञान केंद्राच्या तारांगणात बघायला मजा येईल.

आकडा कोणत्या पद्धतीने आला, हे मात्र बघायचं. सूर्याच्या सगळ्यात जवळच्या ताऱ्याचा ग्रह, प्रॉक्झिमा बी, २०१६ मध्ये ताऱ्याच्या डुलण्यावरून सापडला. त्याचं किमान वस्तुमानच ठाऊक आहे, त्रिज्या मोजलेली नाही. तिथलं गुरुत्व लिहाल ते तुमच्या पदरचं. ट्रॅपिस्टचे ग्रह ताऱ्यासमोरून जातात आणि एकमेकांना ओढतात, म्हणून त्रिज्या आणि वस्तुमान दोन्ही आकडे हाती आले. ‘ई’वर हवा आहे का, हे वेब अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांतून अजून ठरायचं आहे. ट्रॅपिस्टच्याच सगळ्यात आतल्या ‘बी’वर २०२३ मध्ये तिला दाट वातावरणाची खूण मिळाली नाही. तेव्हा नदी वाहवायची तर ‘ई’वर वाहवा. ‘बी’वर वाहवलीत तर एखादा दहावीतला वाचकही धरेल.