गाळणकागदावरचे पन्नास मिलिग्रॅम

एखाद्या सरकारी इमारतीच्या किंवा कॉलेजच्या गच्चीवर उतरत्या छपराची, सतत घरघरणारी एक पेटी दिसते. पाण्याच्या टाकीशेजारी उभी असल्याने तिच्याकडे कुणी वळून पाहत नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळासारखी राज्यांची मंडळं हवेवर जी काही कारवाई करतात, तिची सुरुवात अशा पेटीपासून होते.

पेटीतला पंप मिनिटाला साधारण 1.1 घनमीटर हवा ओढतो. ही हवा आधी एका नळकांड्यात गरगर फिरते. जड धूळ कडेला फेकली जाऊन खालच्या बाटलीत पडते. 10 मायक्रॉनपेक्षा बारीक कण, म्हणजे पीएम 10, पुढे जाऊन काचतंतूंच्या गाळणकागदावर बसतात. आठ तासांत 528 घनमीटर हवा कागदातून जाते. पीएम 10 ची 24 तासांची मर्यादा आहे घनमीटरला 100 मायक्रोग्रॅम. हवा नेमकी त्या मर्यादेवर असेल, तर कागदावर जमतील जेमतेम 53 मिलिग्रॅम, आणि कागदाचं स्वतःचं वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास! दमट हवेत कागद ओल धरतो आणि सगळा हिशेब बिघडवतो. म्हणून वापरण्याआधी आणि नंतर तो दिवसभर कोरड्या पेटीत ठेवूनच तोलायचा. काढताना त्याचा एखादा कोपरा चौकटीला चिकटून राहिला, तर शहराची हवा फुकटात स्वच्छ होते.

ही मोजणी आठवड्यातून दोनदा, म्हणजे वर्षाकाठी 104 दिवस. उरलेल्या दिवसांची नोंद हवी तर स्वयंचलित केंद्र लागतं. तिथे धूळ फितीवर गोळा होते आणि फितीतून बीटा किरण सोडतात. धूळ जितकी जास्त, तितके किरण कमी पार होतात. मोबाइलवर दिसणारा हवेचा निर्देशांक बहुतेक वेळा अशाच केंद्रांतून आलेला असतो. तो सरासरी आहे असा अनेकांचा समज असतो, पण तो आहे सगळ्यांत वाईट प्रदूषकाचा आकडा. किमान तीन प्रदूषकांची मोजमापं हवीत, त्यांत पीएम 10 किंवा पीएम 2.5 (अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण) असलंच पाहिजे. त्यामुळे उन्हाळ्यातल्या दुपारी ओझोनमुळे आलेला 150 आणि थंडीत धुळीमुळे आलेला 150 यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो.

गच्चीवरच्या कागदाला दोषी कोण, ते सांगता येत नाही. त्यासाठी चिमणीवर चढावं लागतं. चिमणीला शिडी, वर उभं राहायला मचाण आणि नळी घालायला भोक ठेवावं लागतं. नळीने वायू ओढायचा तो चिमणीतल्या वायूच्याच वेगाने. ओढ कमी पडली तर हलका वायू नळीला वळसा घालून निघून जातो, जड कण मात्र सरळ आत घुसतात, आणि कारखाना आहे त्यापेक्षा वाईट दिसतो. ओढ जास्त झाली तर उलटं. 1981च्या वायू कायद्यानुसार नमुना घेण्याची सूचना तिथल्या तिथे द्यावी लागते, नमुन्याला मोहोर लावावी लागते आणि त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या लागतात. यातलं काही चुकलं, तर प्रयोगशाळेचा अहवाल कितीही अचूक असो, कोर्टात तो टिकत नाही.

खरा लगाम असतो मंडळाच्या संमतिपत्रात, ज्याला उद्योगांत सगळे ‘कन्सेंट’च म्हणतात. उभारणीआधी एक, चालवण्याआधी दुसरं. चिमणीची उंचीसुद्धा त्यातच ठरते. तासाला 100 किलो सल्फर डायऑक्साइड निघणार असेल, तर सूत्राप्रमाणे ती सुमारे 56 मीटर हवी. उंच चिमणीने धूर कमी होत नाही, तो फक्त लांबवर पातळ पसरतो, हे इथे सांगितलेलं बरं. अटी मोडल्यास कलम 31-अ खाली मंडळ कारखाना बंद करायला आणि त्याची वीज, पाणी तोडायला सांगू शकतं.

चिमणीला पत्ता असतो, त्यामुळे ती सापडते. रस्त्यावरून उडणाऱ्या धुळीला पत्ता नसतो. तो शोधायला पुन्हा गाळणकागदच कामी येतो, फक्त वेगळा. काचेत मुळातच सिलिकॉन असल्याने मातीचा अंश ओळखायला टेफ्लॉनचा कागद लागतो, आणि काजळीतला कार्बन मोजायला क्वार्ट्झचा. पोटॅशियम जास्त निघालं तर लाकूड-पालापाचोळा जळाल्याचा संशय. सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम जास्त निघालं तर रस्ते, बांधकामं. तेव्हा फाइल कारखान्याकडे न जाता महापालिकेकडे जाते, आणि तिथे कन्सेंट रद्द करण्याची सोय नसते.